आधी पन्हा दाखवा

अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना वाटेत मैंदर्गी लागतं. नगरपरिषद असलेलं, तरी शेताच्या वेळेवर उठणारं आणि झोपणारं गाव. एका घरात कन्नड, शेजारच्या घरात मराठी, आणि बऱ्याच घरांत दोन्ही एकाच वाक्यात. म्हाताऱ्या माणसांच्या कमरेला इथे अजून धोतर दिसतं. त्यांची मुलं दिवसा पँट घालतात आणि घरी आली की लुंगी लावतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेला की पँटीतला माणूस आणि लुंगीतला माणूस एकाच ओट्यावर बसले तरी दोघांचा उन्हाळा वेगळा असतो.

माझे आजोबा धोतर घ्यायला गेले की दुकानदार विचारायचा, "आप्पा, किती हाती देऊ? नऊ का दहा?" आजोबांचं उत्तर ठरलेलं असे : "हात मागनं बघू. आदी पन्हा दाखव." लहानपणी मला यातलं काही कळत नव्हतं. स्वतः लुंगी लावायला लागलो, दोनदा चुकीचं कापड आणलं, एकदा एसटीच्या पायरीवर काठ पायाखाली येऊन पडता पडता वाचलो, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ लागला. पुरुषाच्या कमरेभोवतालच्या कापडाची उंची नेमकी कशाने ठरते, आणि ती आपल्या अंगाला बेताची कशी करावी, ते सावकाश सांगतो.

पँटीची उंची शिंपी ठरवतो. लुंगी, पंचा, धोतर यांना शिंपी नाही. ही कापडं मागावरून उतरतात तशीच अंगाला लागतात. ताण्याच्या दिशेने जी लांबी असते ती कमरेभोवती आडवी फिरते. कापडाची रुंदी, म्हणजे पन्हा, कमरेपासून खाली उभा उतरतो. काठ घोट्यावर येणार की पोटरीवर हे पन्हा सांगतो, लांबी नाही. लांबी सांगते की वेढे किती बसतील, निऱ्या किती पडतील, चालताना पाय किती मोकळा राहील. आपण मात्र दुकानात "दोन मीटर" किंवा "दहा हाती" एवढंच बोलतो आणि पन्हा दुकानदाराच्या मर्जीवर सोडतो. उंच माणसाला लुंगी आखूड होते, ठेंगण्याला पायात येते, आणि दोघेही लांबीला दोष देतात.

जुनी मापं अंगाचीच होती. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे साधारण 18 इंच. दोन हातांचा एक वार, 36 इंच. म्हणून दहा हाती धोतर म्हणजे पाच वार, आजच्या मापात 4.57 मीटर. नऊ हाती म्हणजे 4.1 मीटरच्या आसपास, आठ हाती म्हणजे साडेतीन मीटरांहून थोडं जास्त. लुंगी दोन ते सव्वादोन मीटर. पन्हा मात्र हातांत कुणी सांगत नसे, कारण तो मागावर अडकलेला असे. हाताने धोटा फेकणाऱ्या विणकराचे दोन्ही हात जिथवर पोचतील तेवढंच कापड रुंद होणार. झटक्याचा धोटा आला, पुढे यंत्रमाग आले, तेव्हा ही अडचण सुटली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी आणला, आणि पुढे ते गाव धोतरासाठी नावाजलं गेलं. आपलं सोलापूर चादरी आणि टॉवेलांत रमलं. आज दुकानात मिळणाऱ्या लुंगीचा आणि धोतराचा पन्हा ढोबळमानाने 45 ते 50 इंचांत असतो. हे पाच इंच थोडे वाटतात, पण सगळा खेळ त्यांच्यातच आहे.

आता टेप घ्या. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी मापं घ्यायला सांगा, कारण स्वतः वाकून घेतलेलं माप हमखास चुकतं. पहिली गोष्ट, तुम्ही कापड बांधता कुठे? कुणी बेंबीवर, कुणी बेंबीखाली दोन बोटं, कुणी थेट कमरेच्या हाडावर. पोट सुटलेली माणसं बहुधा पोटाखाली बांधतात, आणि मग पुढचा काठ मागच्यापेक्षा खाली येतो. जिथे रोज बांधता तिथेच टेपचं टोक धरा. तिथून घोट्याच्या हाडापर्यंत, पोटरीच्या मध्यापर्यंत आणि गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत, अशी तीन मापं लिहून ठेवा.

साडेपाच फूट उंचीच्या माणसाचा हिशोब मांडून दाखवतो. बेंबी जमिनीपासून साधारण 40 इंचांवर येते. घोटा तीन-साडेतीन इंचांवर, म्हणजे बेंबी ते घोटा 36 ते 37 इंच. गुडघ्याची वाटी 19 इंचांच्या आसपास, म्हणजे बेंबी ते गुडघा 21 इंच. कमरेला घडी घालायला आणि खोचायला चार-पाच इंच कापड जातं. ते घडीचं कापड हिशोबात धरायला लोक विसरतात. घोट्यापर्यंत लुंगी हवी असेल तर 37 अधिक 5, म्हणजे 42 इंच पन्हा लागला. 45 इंची कापड या माणसाला पुरून उरतं, उरलेले तीन इंच कमरेला एक वळकटी जास्त देऊन संपवता येतात. हाच माणूस 50 इंची लुंगी लावेल तर त्याला कमरेला घडीशिवाय आणखी आठ इंच गुंडाळावे लागतील. तेवढा जाड वळ पोटावर येतो, उन्हाळ्यात तिथेच घाम धरतो आणि घामोळं उठतं. उलट सहा फुटी माणसाची बेंबी साडेत्रेचाळीस इंचांवर असते. त्याला घोट्यापर्यंत 40 आणि घडीचे 5 मिळून 45 इंच अगदी काठावर बसतात. एक धुणं झालं की कापड आटतं आणि लुंगी वर जाते. त्याने 50 इंचीच मागावी.

पण लुंगी दिवसभर खाली सोडलेली राहते थोडीच? अंगणात पाणी मारायचं, गोठ्यात जायचं, जिना चढायचा, तेव्हा आपण खालचा काठ उचलून कमरेला खोचतो आणि लुंगी निम्मी होते. इथे 45 आणि 50 मधला फरक खरा दिसतो. 50 ची निम्मी 25, त्यातून घडीचे चार वजा केले तर 21, म्हणजे बरोबर गुडघ्याच्या वाटीवर. 45 ची निम्मी साडेबावीस, चार वजा जाता साडेअठरा, म्हणजे गुडघ्याच्या वर अडीच इंच. उभं असताना एवढ्याने काही बिघडत नाही. ओट्यावर बसलं, समोर माणसं आली, की त्या अडीच इंचांची आठवण होते. म्हणून ज्याला लुंगी दुमडून वावरायची सवय आहे त्याने थोडा जाड वळ सोसून रुंद पन्हा घ्यावा, आणि जो बहुतेक वेळ खाली सोडूनच बसतो त्याने बेताचा घ्यावा, असं माझं मत आहे.

याच आकड्यांपाशी मला स्कॉटलंडचा किल्ट आठवतो. डोंगराळ भागातले तिथले पुरुष पूर्वी एक मोठं लोकरी कापड अंगाभोवती गुंडाळत आणि कमरेला पट्टा बांधत. त्यांचेही माग अरुंद, म्हणून दोन पट्टे लांबीच्या बाजूने एकमेकांना शिवून ते कापड रुंद केलेलं असे. खालचा भाग कमरेखाली चुण्यांनी पडायचा, वरचा खांद्यावर जायचा. पुढे लोकांनी वरचा पट्टा सोडून दिला आणि एकाच पन्ह्याचं कापड कमरेला ठेवलं. ते कापड पंचवीस ते तीस इंच रुंद, म्हणून गुडघ्यापर्यंत उतरलं. जगभर ओळखला जाणारा तो गुडघ्यालगतचा किल्ट हा मुळात अशा एका पन्ह्याचा किल्ट आहे. 1746 साली ब्रिटिश सरकारने त्या पोशाखावर कायद्याने बंदी घातली, ती 1782 साली उठली. आजही किल्ट नीट शिवला आहे का हे बघायला माणसाला गुडघ्यांवर बसवतात. काठ जमिनीला जेमतेम टेकला किंवा इंचभर वर राहिला तर माप बरोबर. आपली 50 इंची लुंगी निम्मी केल्यावर जिथे येते, तिथेच तो किल्टही संपतो. हजारो मैलांवरच्या दोन माणसांना मोकळं चालायला तीच जागा सोयीची वाटली, यात मला मोठा आनंद आहे.

आता लांबीकडे येऊ. लांबीचा संबंध पावलाशी आहे. पुरुषाचं सरळ चालतानाचं पाऊल 28 ते 30 इंच पडतं. एक पाय पुढे, एक मागे, आणि घोट्यापाशी दोन्ही पायांना वेढून कापडाचा गोल. तो गोल निदान 70 इंचांचा हवा, नाहीतर काठ ताणला जातो आणि पाऊल अडतं. गुडघ्यापाशी हेच अंतर निम्मं असतं, तिथे 45 इंचांचा घेर पुरतो. यावरून एक नियम निघतो : कापड जितकं खाली, तितका घेर जास्त लागणार. म्हणून शिवलेली गोल लुंगी घ्यायची तर तिचा घेर दोन मीटर, म्हणजे 79 इंच हवा. पैसे वाचवायला कुणी दीड मीटरच्या कापडाची गोल लुंगी शिवून घेतात. ती घोट्यापर्यंत उतरवली की माणूस लहान लहान पावलं टाकायला लागतो, आणि घाईत पुढे झोक जातो. तेच कापड पोटरीवर ठेवलं तर चालून जातं.

न शिवलेल्या लुंगीत काठ उघडा असल्यामुळे पाऊल अडत नाही, पण झाकण किती राहतं हा प्रश्न येतो. नितंबांपाशी, म्हणजे अंगाचा सगळ्यात रुंद घेर जिथे आहे तिथे, टेप फिरवा. तो घेर दुप्पट करा. 38 इंच घेराच्या माणसाला 76 इंच लागतात, दोन मीटर बसले. 44 इंच घेराच्या माणसाला 88 इंच, म्हणजे सव्वादोन मीटर. जाड माणसाने दोन मीटरची लुंगी लावली तर वरचा पदर पुढून दुसऱ्या कुशीपर्यंत पोचत नाही. उभं असताना कळत नाही, मांडी घालताना उघडं पडतं. बाजारात सगळ्यांना एकच माप खपवतात, म्हणून मोठ्या घेराचा माणूस उगाच लुंगीला नावं ठेवतो.

गुडघ्याइतकं आखूड कापड आणि जमिनीवर बसणं यांचं जमत नाही. किल्टवाला माणूस खुर्चीवर बसतो, मागच्या चुण्या सावरून. किल्टमध्ये पाच ते आठ वार कापड चुण्यांत गेलेलं असतं आणि पुढे चामड्याची पिशवी वजन देते. आपण पंगतीत, भजनात, पारावर मांडी घालून बसणारे, शेतात उकिडवे बसून खुरपणारे. आपल्याकडे आखूड कापड वापरायचं तर ते दोन पायांमधून मागे नेऊन खोचावंच लागलं. तोच कासोटा. लंगोट सगळ्यात आखूड, त्याला कासोट्याशिवाय अस्तित्वच नाही. पंचा कामाला लावला की कासोटा, आंघोळीनंतर नुसता गुंडाळला तर चालतो कारण बसायचं नसतं. लुंगी लांब, म्हणून कासोट्यावाचून चालते. कापड जसं वर जातं तशी कासोट्याची गरज वाढते. गांधीजींनी 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुराईत आखूड पंचा नेसायचं ठरवलं आणि पुढे आयुष्यभर तसेच राहिले. जमिनीवर बसून सूत कातणारा माणूस एवढ्या आखूड कापडात अवघडल्यासारखा दिसत नाही, त्याचं कारण त्या बांधणीत आहे.

धोतराचं वैशिष्ट्य असं की त्याची उंची बांधताना बदलता येते. कापडाचा मध्य कमरेच्या मागे धरायचा, दोन्ही बाजू पुढे आणून बेंबीशी गाठ मारायची. पाच वारांपैकी वारभर कापड कमरेभोवती गेलं, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन वार उरलं. एका बाजूच्या चुण्या करून त्या पायांमधून मागे नेऊन खोचल्या की कासोटा झाला. दुसऱ्या बाजूच्या निऱ्या करून पुढे खोचल्या की सोगा झाला. पन्हा तोच, तरी कासोटा ओढून घट्ट केला की पिंढऱ्या उघड्या पडतात आणि धोतर वर जातं. सैल सोडला की ते घोट्यापर्यंत उतरतं. शेतात जाताना आजोबा कासोटा चांगला ताणून घ्यायचे, अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं असलं की तोच कासोटा चार बोटं सैल. एकाच कापडाच्या दोन उंच्या. आठ हाती घेतलं तर निऱ्या कमी पडतात, सोगा बारीक होतो, पण कामाला तेच सुटसुटीत. दहा हाती भरदार दिसतं, पण बारीक चणीच्या माणसाच्या पोटावर निऱ्यांचा गठ्ठा येतो. कमरेचा घेर 32 इंचांच्या आत असेल तर नऊ हाती पुरे.

लांब चालणाऱ्यांनी कासोट्याकडे विशेष लक्ष द्यावं. आमच्या भागातून अक्कलकोटला, गाणगापूरला पायी जाणारे पुष्कळ. लुंगी लावून पाच-सहा मैल चाललं की मांडीला मांडी घासून कातडी सोलवटते. धोतरात मांड्यांच्या मध्ये मऊ सुती कापड येतं, घासणं कमी होतं. मात्र कासोट्याच्या चुण्या बेढब पडल्या तर तोच कासोटा काचतो. चुण्या बोटाएवढ्या, एकावर एक नीट बसवलेल्या हव्यात, आणि कापड धुऊन मऊ झालेलं हवं. कोरं धोतर नेसून लांब चालायला निघू नये.

संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा असते. सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते. मानकरी आणि भक्त पांढऱ्या शुभ्र बाराबंदीत आणि धोतरात असतात. नंदीध्वजाच्या उंच, जड काठीचा तोल सांभाळत गर्दीतून चालणाऱ्याच्या पायाकडे एकदा नीट बघा. काठ जमिनीला लोळला आणि पायाखाली आला तर काठीचा तोल गेलाच. दिसायला डौल हवा आणि पाय मोकळा हवा, या दोन्हीची सांगड कासोट्याने कशी घातली आहे ते तिथे समोर दिसतं. मरीआईच्या पोतराजाचंही तसंच. त्याच्या कमरेला रंगीत कापडांचा घागरा असतो, तो गुडघ्याच्या आसपास संपतो. त्याला गिरकी घ्यायची, उड्या मारायच्या, आसूड फिरवायचा. पायातले घुंगरू झाकले जाऊन कसं चालेल? पुरुषाने घागरा घालावा का, असं कुणी विचारायला लागलं तर त्याला आमच्या मरीआईच्या गाड्यापाशी आणून उभं करावंसं वाटतं. आपल्याकडे ती गोष्ट कधीच नवी नव्हती.

कापड निवडताना आटण्याचा विचार आधी करायचा. कोरं सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत शेकडा तीन ते पाच आटतं. 45 इंची पन्हा दीड ते दोन इंच कमी होतो, दोन मीटरची लांबी सहा ते दहा सेंटिमीटर. माप अगदी काठावर बसत असेल तर वरचा पन्हा घ्या. कोऱ्या कापडात खळ असते, त्यामुळे ते दुकानात भारदस्त लागतं आणि कमरेला धरत नाही, खोच सुटते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, धुऊन, सावलीत वाळवल्यावरच त्याची खरी उंची आणि खरा पोत कळतो. म्हणून शिवलेली लुंगी करायची असेल तर कापड आधी भिजवून घ्यावं, मग शिंप्याकडे द्यावं. टेरिकॉटची लुंगी चकाकते, सुरकुतत नाही, पण गुळगुळीत असल्याने कमरेवर घसरते आणि दिवसभर तिला वर ओढत बसावं लागतं. ती लावायचीच असेल तर आत करदोटा किंवा पट्टा हवा. सुताला घामाने पकड येते, टेरिकॉटची उलट सुटते.

काठाचंही काम असतं. दाट विणलेला, थोडा जड काठ खालून कापडाला ताणून धरतो, वाऱ्यावर उडू देत नाही. आमच्याकडे वैशाखात दुपारी वावटळ उठते, तेव्हा पातळ, बिनकाठाच्या लुंगीला दोन्ही हातांनी सांभाळावं लागतं. म्हणून बाहेर वापरायची लुंगी काठाची आणि घरात झोपताना वापरायची बिनकाठाची, असे दोन नग ठेवलेले बरे.

हल्ली लग्नांत तयार शिवलेली धोतरं आली आहेत, कमरेला इलॅस्टिक, निऱ्या टाचलेल्या. नवरदेवाला दहा मिनिटांत उभं करायला ती सोयीची आहेत आणि त्यांना नाक मुरडण्याचं कारण नाही. पण त्यात उंची बदलता येत नाही, हे घेताना लक्षात ठेवावं. दुकानात ती कमरेच्या मापावर विकतात. तुम्ही कमर सांगू नका, बेंबी ते घोटा सांगा आणि ते टेपने तिथेच तपासा. इलॅस्टिक कमरेच्या हाडावर सरकलं की धोतर दोन इंच खाली येतं आणि सप्तपदीला पायात अडकतं.

घेतलेलं कापड आपल्याला बेताचं आहे का, हे चार कृतींनी कळतं. बांधून भरभर वीस पावलं चाला. जिन्याच्या किंवा ओट्याच्या पायऱ्या कापड न उचलता चढा आणि उतरा. उतरणं जास्त महत्त्वाचं, कारण उतरताना मागचा काठ टाचेखाली येतो. मग मांडी घालून बसा आणि उठा. शेवटी उकिडवे बसा, कारण लुंगीची खरी परीक्षा तिथे होते. उकिडवे बसताना मागचा काठ जमिनीला टेकला तर कापड मातीत लोळणार, चार बोटं वर राहिला तर उत्तम. यातली एखादी कृती हात न लावता जमली नाही तर कमरेची घडी इंचभर कमी-जास्त करून पुन्हा करा. दोन-तीन फेऱ्यांत तुमची घडी किती हे बोटांना समजतं. एकदा समजलं की पुढे बघावं लागत नाही.

घरातल्या म्हाताऱ्यांसाठी हे माप वेगळं धरायचं. वय झालं की पाय नीट उचलला जात नाही, तो घासत पुढे जातो. त्यांना घोट्याला टेकणारं कापड देऊ नये. काठ घोट्याच्या चार बोटं वर हवा. रात्री लघवीला उठताना अंधारात लुंगी पायात येऊन पडणं हे फार सहज घडतं, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो. पोटाच्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतरही बरेच दिवस लुंगीच सोयीची पडते. तेव्हा खोच टाक्यांपासून लांब, कुशीकडे घ्यावी आणि पन्हा बेताचाच निवडावा, म्हणजे पोटावर जाड वळ येणार नाही.

आणि यंत्राजवळ ही कापडं नकोत. मळणी यंत्राचा पट्टा, कडबाकुट्टी, ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा दांडा, मोटारसायकलची साखळी आणि आऱ्या, या सगळ्यांना सोगा किंवा लुंगीचा पदर ओढायला क्षण पुरतो. खळ्यावर जाताना निम्मी केलेली लुंगीसुद्धा धोक्याची, कारण तिची टोकं मोकळी असतात. ज्वारीची मळणी चालू असताना चड्डी किंवा पँटच घालावी, घरी आल्यावर लुंगी लावावी. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्या धोतरवाल्याने सोगा कमरेला खोचून घ्यावा, याची त्याला पुढच्याने आठवण करून द्यावी.

नवीन कापड आणायला जाण्याआधी एक काम करा. जुनं धोतर किंवा जुनी लुंगी काढून उजेडात पसरा आणि ती कुठे विरली आहे ते पाहा. खालचा काठ मागच्या बाजूला, टाचेच्या जागी कुरतडल्यासारखा झाला असेल तर पन्हा जास्त होता किंवा घडी कमी पडत होती. पुढे गुडघ्याच्या उंचीवर कापड ताणून झिरझिरीत झालं असेल तर घेर कमी होता, मांडी घालताना ते ओढलं जात होतं. कमरेच्या खोचेशी एकाच जागी भोक पडलं असेल तर कापड घसरत होतं आणि तुम्ही ते रोज त्याच ठिकाणी करकचून खोचत होता. सगळीकडे सारखं विरलं असेल तर तेच माप पुन्हा घ्या. आजोबा जुन्या धोतराची पन्हाभर पट्टी फाडून खांद्यावर टाकत आणि दुकानात तीच नव्या धोतराच्या पन्ह्याला लावून बघत. टेप न वापरता.